लाल दोऱ्याच्या वरची गावं

सेंटरमधले किस्से म्हणजे आमच्या सिंकखालच्या प्लास्टिकच्या पिशव्या. एक हवी म्हणून ओढावी तर दहा बाहेर येतात, आणि परत कोंबल्या की कपाटाचं दार लागत नाही. मँचेस्टरच्या पश्चिमेला, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपजवळ, येमेनी लोकांचं एक कम्युनिटी सेंटर आहे. तिथे मी दोन वर्षं नोकरी केली. माझी फ्लॅटमेट मधुरा आयटीत आहे. तिच्या ऑफिसात वर्षाकाठी एक किस्सा घडतो आणि तोही प्रिंटरचा असतो. ती म्हणते, "गौरी, तू सुरू झालीस की माझा वरणभात गार होतो."

आता जे सांगणार आहे ते सोमवार ते गुरुवार अशा सलग चार दिवसांत घडलं. मी घाबरट आहे हे आधीच कबूल करते. टोस्टरमधून ब्रेड वर आला तरी दचकते. त्यामुळे यातली भीती किती खरी आणि किती माझ्या डोक्यातली, ते तुम्हीच ठरवा.

पहिली खटकलेली गोष्ट अगदी किरकोळ होती. सोमवारी सकाळी मी हॉलमध्ये नकाशा उभा केला आणि कुणीच त्यावर बोट ठेवलं नाही.

माणसासमोर त्याच्या मुलखाचा नकाशा ठेवला की तो बाकी काही बघत नाही, आधी आपलं गाव शोधतो. माझ्या बाबांनी शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये काटोल नखाने कोरून ठेवलंय. इथे तर पुरुषभर उंचीचा येमेनचा नकाशा होता, अकरा पिना, प्रत्येक पिनेशेजारी फोटो, फोटोखाली नाव आणि गाव. समोर तेच अकरा म्हातारे चहाचे ग्लास धरून बसलेले. मला वाटलं होतं गर्दी होईल, एखादा रडेल. मी टिश्यूचा डबाही आणून ठेवला होता.

त्यांच्यातले फक्त मुकबिलकाका उठले, नकाशाजवळ गेले, चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि परत काढून कोटाच्या खिशात घातला.

"फार छान, बिन्ती," ते म्हणाले. बिन्ती म्हणजे माझी लेक. आणि निघून गेले.

त्यांचा चहा अर्धा तसाच राहिला होता. दोन वर्षांत या माणसाने ग्लासात वेलचीचा दाणासुद्धा ठेवलेला मी पाहिला नव्हता.

* * *

ही मंडळी कोण, ते सांगते.

अदन हे तेव्हा इंग्रजांचं बंदर. कोळशावर चालणाऱ्या बोटींना भट्टीत कोळसा ओतायला माणसं लागत, ती आसपासच्या डोंगरांतून येत. त्यांतली काही इकडच्या डॉकवर उतरली ती उतरलीच. पुढे महायुद्ध संपलं, इथल्या फॅक्टऱ्यांना हात कमी पडायला लागले, आणि त्या खलाशांचे पुतणे, भाचे, गाववाले आले. एका घरात आठ-आठ जण राहायचे. पगार गावाला, बायको गावाला, आपण भट्टीपाशी.

मी नागपूरला इतिहासात एमए केलं, मग इथे म्युझियमचा कोर्स. सेंटरमधलं माझं काम म्हणजे या म्हाताऱ्यांच्या आठवणी मिनीडिस्कवर रेकॉर्ड करायच्या आणि शेवटी गावातल्या लायब्ररीत प्रदर्शन मांडायचं. प्रत्येक रेकॉर्डिंगची सुरुवात साधारण अशी आहे:

"किती वर्षांसाठी आला होतात?"

"दोन."

"आणि आलात कधी?"

"सुएझचं भांडण झालं त्या वर्षी."

माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला हीटरजवळची खुर्ची दिली आणि चहा दिला. भरपूर दूध, वेलची, चमचा उभा राहील एवढी साखर. मी म्हटलं, हा तर आमचा चहा.

"तुमचाच," मुकबिलकाका म्हणाले. "अदनचा कारभार एके काळी तुमच्या बॉम्बेहून चालायचा. माझ्या बापाचा पगार रुपयांत होता." मग म्हणाले, "माझ्या बायकोचं नाव हिंद. आमच्याकडे मुलींचं ठेवतात हे नाव. ती तिकडे डोंगरात. किती वर्षं मागतोय, हिंदला पाठव, हिंदला पाठव. नशिबाने पाठवली, पण चुकीची."

सगळा हॉल हसला. मी पण हसले. तेव्हा मला माहीत नव्हतं की हा माणूस किती वर्षं आणि कसा मागतोय.

* * *

वर्षभर या लोकांच्या कागदांच्या गमती ऐकून माझं हसून पोट दुखायचं.

सेंटरची मॅनेजर नादिया. इथेच जन्मली, बोलणं पक्कं मँचेस्टरचं. तिचे वडील सालेहकाका म्हणजे मुकबिलकाकांचे जिवलग, एकाच बोटीने आलेले. तर नव्या वर्षाच्या दिवशी नादिया एक भलामोठा केक मागवते, कारण अकराच्या अकरा जणांचा वाढदिवस एक जानेवारी. डोंगरात कुणी तारीख लिहून ठेवत नव्हतं. अदनचा कारकून चेहऱ्याकडे बघून साल ठरवायचा, दिवसासाठी त्याला फार विचार करायचा नसे.

"मी कागदावर पासष्टचा झालो तेव्हा खरा सत्तावन्नचा," सालेहकाका सांगतात. "फॅक्टरीत निरोपसमारंभ. मॅनेजर भाषणात म्हणाला, या सालेहकडे बघा, पासष्टी गाठली पण एक केस पांढरा नाही, याला म्हणतात कामाची आवड."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी केक खाल्ला."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्यांचा जन्मदिवस कारकुनाने लिहिला, त्यांचं जन्मगाव कुणी लिहिलं असेल? पण मी वहीत "जानेवारी, केक" एवढंच लिहिलं आणि खाली हसरा चेहरा काढला.

* * *

मंगळवारी मुकबिलकाका आले नाहीत. त्यांची खुर्ची कुणी घेतलीही नाही. सकाळी दोनदा फोन केला, नुसती रिंग जात होती. मी मनाशी म्हटलं, सर्दी झाली असेल. वेळ काढायला म्हणून हेडफोन लावले आणि त्यांचंच एक रेकॉर्डिंग उतरवून काढायला बसले.

ते ओतकामाच्या भट्टीवर होते. एका वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. इथला उन्हाळ्याचा दिवस म्हणजे संपता संपत नाही, सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. त्यात समोर भट्टी आणि घोटभर पाणी नाही. यांचा फोरमन पॅट, आयरिश. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने सँडविच काढलं, रोजा धरलेल्या या सहा जणांकडे बघितलं, परत कागदात गुंडाळलं आणि निघून गेला. त्यानंतर तो रोज टॉयलेटमध्ये जाऊन जेवायचा. कुणाला बोलला नाही. फॅक्टरीच्या मॅनेजरने बघितलं की हा रोज दुपारी वीस मिनिटं टॉयलेटमध्ये असतो. त्याने पॅटला डॉक्टरकडे पाठवलं. पॅटने डॉक्टरलाही काही सांगितलं नाही. डॉक्टरने लिहिलं, पोट नाजूक आहे, दोन आठवडे भरपगारी विश्रांती.

रेकॉर्डिंगमध्ये मुकबिलकाकांचा आवाज येतो: "रोजे आम्ही धरले, पुण्य पॅटला मिळालं."

मी एकटीच हेडफोनमध्ये हसत होते. तेवढ्यात खांद्यावर हात पडला आणि मी खुर्चीतून अक्षरशः उडाले. मागे सालेहकाका उभे होते. त्यांनी दार लावून घेतलं. सेंटरमध्ये कधीच कुणी दार लावत नाही.

* * *

"बिन्ती, नकाशावर तो लाल दोरा कशाला लावलास?"

मी खुश झाले. कुणीतरी विचारलं तर. मी सांगितलं की ती जुनी हद्द आहे. दोऱ्याच्या खाली, अदनच्या बाजूला, इंग्रजांचा अंमल. वरचे डोंगर इमामाच्या, म्हणजे येमेनच्या राजाच्या, अमलात. पाहणाऱ्यांना इतिहास नीट कळावा म्हणून लावला.

"आणि आमच्या पिना दोऱ्याच्या कुठल्या बाजूला आहेत?"

मी डोळ्यांसमोर नकाशा आणला. अकराच्या अकरा पिना वर.

"आणि आमच्या कागदांवर आम्ही कुठले?"

मला माहीत नव्हतं. मी कागद कधी बघितलेच नव्हते. मी माणसांना विचारलं होतं, काका, तुमचं गाव कुठलं? आणि त्यांनी मला गाव सांगितलं होतं. लेकीला सांगावं तसं, खरं.

"दोऱ्याच्या वरच्या माणसाला इंग्रजांचा कागद मिळत नव्हता," सालेहकाका म्हणाले. "अदनला एक माणूस बसायचा, तो कागद करून द्यायचा. विचारायचा, कुठलं गाव हवं? दुकानात विचारतात ना, कुठला रंग दाखवू, तसं. मी समुद्राजवळचं घेतलं. मुकबिलने आतलं घेतलं, त्याला बोट लागते."

दार कधी उघडलं कळलं नाही, पण नादिया दारात उभी होती. तिने शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"बाबा, म्हणजे माझ्या शाळेच्या फॉर्मवर मी जे लिहायचे... वडिलांचं जन्मस्थान..."

"चांगलं गाव आहे," सालेहकाका म्हणाले. "असं ऐकलंय."

नादिया मटकन बसली. तिला हसावं की ओरडावं ते कळत नव्हतं. सालेहकाका मात्र हसत नव्हते.

"माझं सोड," ते म्हणाले. "माझी बायको इथे आली, मुलं झाली, मी म्हातारा झालो, मला कोण विचारतंय. मुकबिलचं तसं नाही."

मुकबिलकाकांनी बायकोसाठी दोनदा व्हिसाचा अर्ज केला होता. पहिल्यांदा तिकडच्या ऑफिसात हिंदकाकूंना विचारलं, नवऱ्याचा जन्म कुठला? त्यांनी खरं गाव सांगितलं. ज्या घरात त्या लग्न होऊन आल्या, जिथे चाळीस वर्षं सासू-सासऱ्यांचं केलं, ते. कागदावर दुसरंच. नवऱ्याचं गाव माहीत नाही, म्हणजे ही बायकोच नव्हे, अर्ज नामंजूर. दुसऱ्यांदा त्यांना कागदावरचं गाव पाठ करायला सांगितलं. त्यांनी बरोबर नाव घेतलं. ऑफिसरने विचारलं, मशीद गावाच्या कुठल्या बाजूला? त्या गप्प. परत नामंजूर.

"तिसरा अर्ज आता आत आहे," सालेहकाका म्हणाले. "या वेळी मुकबिलने चार महिने फोनवर शिकवलंय. विहीर कुठे, मशीद कुठे, सूर्य कुठल्या डोंगरामागून उगवतो. जे गाव त्याने स्वतः पाहिलं नाही ते त्याने बायकोला घराघराने शिकवलं. दोन आठवड्यांपूर्वी मुलाखत झाली. निकाल यायचाय."

नादिया हळूच म्हणाली, "बाबा, व्हिसावाला माणूस इथल्या लायब्ररीत कशाला येईल?"

"तो नाही येणार. पेपरवाला येणार. पेपरात फोटो येणार. मुकबिलचा चेहरा, खाली नाव, खाली गाव. तिकडे जर कुणी अर्ज मोडायला कारण शोधत असेल, तर त्याला आणखी काय हवं?"

मी उठून हॉलमध्ये धावले. नकाशा नव्हता. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, व्हॅन दुपारी येऊन सगळं सामान लायब्ररीत घेऊन गेली होती.

* * *

लायब्ररीतल्या बाई उंच होत्या, आणि त्यांच्या कार्डिगनची सगळी बटणं लावलेली होती. मांडलेल्या वस्तूंना हात लावायचा तर फॉर्म भरावा लागतो, मंजुरीला पाच वर्किंग डे लागतात.

"पण नकाशा मीच केलाय."

"मग फॉर्मवर कुणाची सही लागते ते तुम्हाला माहीतच आहे. तुमची."

"मग मी आत्ताच सही करते."

"करा ना. पाच दिवस लागतात."

मी विचारलं, पेपरचा फोटोग्राफर गुरुवारी येणार ना, उद्घाटनाला? त्या म्हणाल्या, नाही, तो आत्ताच येऊन गेला, कौन्सिलरनाही आजच वेळ होता.

म्हणजे फोटो निघालाच होता. तरी म्हटलं, निदान इथून तरी काढू. बाई फॉर्मची झेरॉक्स काढायला आत गेल्या. मी नकाशापाशी गेले, मुकबिलकाकांची पिन आणि फोटो उपटला. मागे कुठल्यातरी बाबागाडीचं चाक करकरलं. मी दचकले, दोऱ्याच्या खाली जिथे हात गेला तिथे पिन खुपसली आणि जिन्यावरून पळत सुटले. माझ्या उभ्या आयुष्यातली ही पहिली चोरी, आणि तीही माझ्याच वस्तूची.

अर्ध्या तासाने नादियाचा फोन आला. ती बघायला गेली होती.

"गौरी, समुद्रात टाकलंयस त्यांना."

* * *

बुधवारी सकाळी नादिया त्यांना पाण्यातून बाहेर काढायला गेली तर नकाशासमोर रांग होती. पोस्टात माणसं पेन्शनला उभी राहतात तशी. सगळ्यांत पुढे तिचे वडील, नाकावर वाचायचा चष्मा, हातात स्वतःची पिन. मागे बाकीचे नऊ. रात्रीच्या नमाजानंतर ठरलं म्हणे. मुकबिलची एकट्याचीच पिन हलली तर संशय येईल, हलवायच्या तर सगळ्यांच्या.

एक आजोबा नकाशावर बराच वेळ काहीतरी शोधत होते. शेवटी त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "अरे, मी कुठला?"

"तुलाच माहीत."

"नाव माहीत आहे. पन्नास वर्षं सांगतोय. कुठे आहे ते कुणी विचारलंच नाही."

कार्डिगनवाल्या बाई टेबलामागून बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या उठून आल्या.

"माफ करा," त्या नादियाला म्हणाल्या, "काल ही सगळी मंडळी वर राहत होती ना?"

"आमच्याकडे लोक फार फिरतात," नादिया म्हणाली.

बाईंनी नकाशाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. मग आत जाऊन नव्या पिनांची डबी घेऊन आल्या. "जुन्या पिनांची भोकं दिसतात," त्या म्हणाल्या, "त्यांवर काहीतरी चिकटवा. फॉर्म सावकाश भरला तरी चालेल."

दुपारपर्यंत दोऱ्याच्या वरचे डोंगर ओस पडले होते. नादियाने भोकांवर छोट्या खजुराच्या झाडांची चित्रं चिकटवली. इतक्या उंचावर खजूर येत नाही म्हणून सालेहकाका नाराज होते.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "पण मुकबिलकाका कुठे आहेत?"

"घरी नसेल."

"ते मला माहीत आहे, मी कालपासून फोन करतेय."

"मग तुला माझ्याएवढंच माहीत आहे," ते म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. सोमवारपासून त्यांनी मुकबिलकाकांचा फोन एकदाही लावला नव्हता. जिवलग मित्र दोन दिवस दिसत नाही आणि हा माणूस खजुराच्या झाडांवर वाद घालतोय. मला तेच सगळ्यात जास्त खुपत होतं.

* * *

बुधवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. लाल विटांच्या घरांची लांब रांग, त्यातलं मधलं. खाली पडदे ओढलेले. बेल वाजवली, दारावर थापा मारल्या. पत्र टाकायच्या फटीतून आत वाकून बघितलं तर गालिचा स्वच्छ, आणि कसलातरी वास. फिनेलसारखा.

शेजारचं दार उघडलं. चपला घातलेल्या गोऱ्या आजी.

"नाही आहे तो," त्या म्हणाल्या. "काल सकाळी सातला गेला. गाडी आली होती. कोट घातलेली दोन माणसं."

"कोण?"

"मी काय विचारू? तो सूट घालून होता. इतकी वर्षं शेजारी आहे, सूटात पहिल्यांदा बघितला. चेहऱ्याचा रंग उडाला होता, पोरी. मी हाक मारली तर हात केला, पण बोलला नाही."

मी परत एकदा बेल वाजवली.

"आणि माझा हूवर त्याच्याकडे आहे," आजी म्हणाल्या. हूवर म्हणजे व्हॅक्युम क्लीनर. "रविवारी मागून नेला. सारं घर झाडत होता, वरपासून खालपर्यंत. आठ-आठ माणसं राहायची पूर्वी तिथे, तेव्हाही कुणी कधी झाडलं नाही. बाई माणूस नाही ना घरात. चाळीस वर्षांत त्या उंबऱ्यापर्यंत आलेली बाई म्हणजे मी, आणि तीही दूध उसनं मागायला."

संध्याकाळी मधुरासमोर मी सगळं ओतलं. कोटातली माणसं, सूट, फिनेल.

"त्यांना नेलं, मधुरा. माझ्यामुळे. कुणीतरी नकाशा बघितला आणि कळवलं. त्यांचे कागद काढून घेतील. मग विचारतील, हा नकाशा कुणी केला? माझी वर्क परमिटची फाईल आत्ता क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात आहे."

"गाडी मंगळवारी सकाळी आली ना?"

"हो."

"नकाशा लायब्ररीत गेला मंगळवारी दुपारी."

मी विचार केला. "म्हणजे सेंटरमधल्याच कुणीतरी कळवलं."

"आणि हूवर रविवारी नेला. तेव्हा तर नकाशा कुणी बघितलाच नव्हता."

"म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं की नेणार आहेत. घर बंद करताना माणूस आवरतोच की. आपण नाही का फ्लॅट सोडताना..."

"गौरी, पकडून न्यायला येणार म्हणून कुणी हूवर करत नाही."

"आणि सूट?"

तिने ताट बाजूला सारलं. "सूट कोर्टात घालतात," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून लगेच उठली. "थांब, मी वरण गरम करते."

* * *

गुरुवारी उद्घाटन. सकाळी स्टॉपवर पेपर घेतला आणि ट्रामच्या दारातच उघडला. पाचव्या पानावर फोटो होता. कौन्सिलर नकाशासमोर उभे, छातीवर पदाची साखळी, आणि नेमका दोऱ्याच्या वरचा सगळा मुलूख त्यांच्या डोक्यामागे गेलेला. मी इतक्या मोठ्याने सुस्कारा सोडला की समोरच्या माणसाने वर बघितलं. मग दिसलं, कौन्सिलरच्या डाव्या कानाशेजारी एक फोटो आणि एक पिन उघडी राहिली होती. चेहरा ठिपक्यांचा. टोपी होती. टोपी अकरापैकी सात जण घालतात.

लायब्ररीत समोसे, फुगे आणि भाषणं. दहा आजोबा पहिल्या रांगेत, सगळे इस्त्रीच्या शर्टात. अकरावी खुर्ची रिकामी. कौन्सिलर म्हणाले, या माणसांनी हे शहर घडवलं, यांचं मूळ गाव आज आपल्याला नकाशावर बघायला मिळतंय. दहाही जणांनी एकदम चहाचा घोट घेतला.

मी समोसा तसाच प्लेटमध्ये ठेवला. कोपऱ्यात मुकबिलकाकांच्या आवाजाचं मशीन लावलं होतं, लोक हेडफोन घालून पॅटची गोष्ट ऐकत होते आणि हसत होते. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकावा तसं मला वाटलं. मी स्वतःलाच चिमटा काढला. असलं काही मनात आणू नये.

नादिया जवळ आली. "फोन कर परत."

"तेवीस वेळा केलाय."

"मग चोविसावा कर. नाहीतर मी पोलिसांना करते. मग जे व्हायचं ते होऊ दे."

सालेहकाकांनी ते ऐकलं. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर भीती दिसली. "पोलीस नाही," ते म्हणाले. "एवढ्यात काही बोलायचं नसतं. बोललं की बिघडतं." आणि परत खाली बसले. आणखी काही म्हणून सांगेनात.

काय बोलायचं नसतं? काय बिघडतं? मी जिन्यात आले. जिन्यात रेंज जरा बरी येते. मोबाइलवर चार पौंडांचं टॉपअप उरलं होतं. नंबर आता पाठ झाला होता, बोटं आपोआप जात होती. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: काका, मी गौरी, चूक माझी आहे, तुम्ही सांगाल तिथे येऊन मी सांगेन की गाव मीच चुकीचं लिहिलं.

एक रिंग. दोन. वर हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सहा. सात. आता आजींच्या भिंतीपलीकडे रिकाम्या घरात तो फोन कसा वाजत असेल ते मला दिसत होतं. ओढलेले पडदे, झाडलेला गालिचा. नऊ. मी फोन कानापासून काढणार तेवढ्यात रिंग तुटली.

खरखर झाली. रिसीव्हर कशावर तरी आपटला. कुणीतरी तो उलटा धरला होता, मग सुलटा केला. श्वास ऐकू आला.

"अय्वा?" एक बाई अरबीत म्हणाली.